दुष्काळातील लेकरे, मिशनची अनाथालये आणि घराचा प्रश्न

१/
१८९१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ४२ हजारांहून अधिक होती. १९०१ मध्ये ती ६ लाख ६३ हजारांवर आली. आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी याच भंडारा जिल्ह्यात होता. तो स्वतंत्र झाला १ मे १९९९ रोजी. दहा वर्षांत सुमारे ऐंशी हजारांची घट जनगणनेने नोंदवली. पण ज्यांचे आईबाप त्या घटीत गेले, त्या लेकरांचे काय झाले? त्यांना कोणी घेतले, कुठे ठेवले, आणि त्यांना पुन्हा घर मिळाले का? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

२/
हा धानाचा मुलूख. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, मालगुजारांची गावे आणि पावसाच्या शेवटच्या सरींवर अवलंबून असलेले पीक. १८९६ साली पावसाने शेवटी दगा दिला आणि धान लोंबीत भरण्याआधीच वाळले. एका दुष्काळातून लोक सावरत आहेत तोच १८९९ मध्ये दुसरा आला, आणि तो पहिल्याहून व्यापक होता. तलावांच्या या प्रदेशालाही तेव्हा पाणी पुरले नाही.

३/
दुष्काळात कुटुंब एकदम मोडत नाही. आधी दागिने आणि भांडी जातात, मग बैल, मग घरातील कर्ता पुरुष कामाच्या शोधात जातो. शेवटी आई मुलांना घेऊन सरकारी गरीबखान्याच्या किंवा अन्नछत्राच्या दारी येते. तिथे कॉलरा आणि हगवण वाट पाहत असत. अनेक मुले अशा रीतीने पोरकी झाली. काहींचे नातलग जिवंत होते. पण लेकरू निदान जेवेल तरी, या आशेने त्यांनी त्याला मागे ठेवले. म्हणजे कागदावर ‘अनाथ’ ठरलेले प्रत्येक मूल खरोखर निराधार नव्हते. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

४/
सरकारी धोरणाचा रोख वरवर साधा होता: दुष्काळ सरल्यावर मुलाला नातेवाइकांकडे द्यावे, ते न सापडल्यास त्याच्या जातिधर्मातील कोणी जबाबदार व्यक्ती पाहावी, तेही न जमल्यास अनाथालयात पाठवावे. प्रत्यक्षात नातलग शोधायला वेळ लागे आणि माणसे लागत. अनाथालयाला मात्र एक गाडीभर मुले एका दिवसात सोपवता येत. त्यामुळे कागदावर जो शेवटचा पर्याय होता, तोच अनेकदा पहिला ठरला.

५/
या मुलांवर दोन दावे आले. एक ख्रिस्ती मिशनांचा. त्यांच्याकडे परदेशातून येणारा पैसा होता, इमारती होत्या, डॉक्टर होते. दुसरा आर्य समाजाचा. लाला लजपतराय यांनी १८९७ मध्ये आणि पुन्हा १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांतासह अनेक भागांतील हिंदू अनाथ मुलांना पंजाबातील अनाथालयांत नेण्याची मोहीम उभारली आणि १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे आपले म्हणणे मांडले. मुलाचा धर्म कोणता राहणार, यावर कडाक्याचा वाद झाला. मुलाचे गाव आणि घर कोणते राहणार, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

६/
मराठी मुलखातून मध्य प्रांतात गेलेली सर्वांत परिचित व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. दुष्काळ त्यांना पुस्तकातून माहीत नव्हता. १८७४ च्या सुमारास, उपासमारीच्या भटकंतीत, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई काही महिन्यांच्या अंतराने गेले. पुढे थोरली बहीणही गेली. त्या वेळी रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा ही जुनी जखम उघडी पडली, असे त्यांच्या स्वतःच्या लेखनातून दिसते.

७/
त्या गेल्या, छावण्या आणि गरीबखाने पाहिले आणि मुली व तरुण विधवांना घेऊन परतल्या. ही संख्या पुढे तीनशेच्या आसपास पोहोचली. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते. शहरात इतक्या मुली ठेवणे शक्य नव्हते. शारदा सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून रमाबाईंनी दौंडजवळच्या केडगाव येथे जमीन घेतली होती. तिथे घाईघाईने निवारे उभे राहिले. ‘मुक्ती’ची सुरुवात अशी झाली. १९०० च्या दुष्काळानंतर गुजरातेतूनही मुली आल्या आणि संस्थेतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

८/
रमाबाईंच्या कार्याभोवती वाद होता, हे वगळून इतिहास सांगता येत नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले आणि नंतर पुण्यात आलेले शारदा सदन धर्मनिरपेक्ष राहील, या भरवशावर रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्यांनी पाठिंबा दिला होता. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि सल्लागार मंडळ बाजूला झाले. केडगावची मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तिने हजारो जीव वाचवले, हे सत्य आहे. आणि ते जीव ज्या समाजातून आले त्याच्याशी त्यांची नाळ तुटली, हेही सत्य आहे.

९/
तरीही केडगावात एक महत्त्वाची गोष्ट घडत होती. दोन हजार मुलींना पगारी नोकर सांभाळू शकत नाहीत. म्हणून आधी आलेल्या, शिकलेल्या मुलींकडे नव्याने आलेल्या लहान मुली सोपवल्या गेल्या. शेती, दूधदुभते, विणकाम, छापखाना यांबरोबर मोठीने धाकटीला सांभाळणे हाही संस्थेच्या जीवनाचा भाग झाला. पुढील काळात तिथे एका ‘आई’जवळ थोडी मुले, अशी लहान कुटुंबे आली आणि त्यांना फुलांची नावे मिळाली. वसतिगृहाच्या आतच घर शोधण्याची ही धडपड होती.

१०/
गोंदियाच्या पूर्वेला, आज छत्तीसगडात असलेल्या धमतरीत, वेगळा प्रयोग झाला. १८९९ मध्ये आलेल्या अमेरिकन मेनोनाइट मिशनने दुष्काळातील मुलांसाठी अनाथालये काढली. काही वर्षांत ही मुले तरुण झाली. त्यांना ना मूळ गाव उरले होते, ना जातीचा आधार. १९०६ मध्ये मिशनने बालोदगहन हे गाव मालगुजारीने विकत घेतले आणि अनाथालयात वाढलेल्या जोडप्यांना तिथे शेतीवर बसवले. अनाथालयाने हिरावलेले गाव मिशनला पुन्हा विकत घ्यावे लागले! संस्थेत वाढलेल्या मुलाचा खरा प्रश्न अठराव्या वर्षी सुरू होतो, हे धमतरीने शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले.

११/
याच महाराष्ट्रात तिसरी वाट त्याआधीच पडलेली होती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतले, आपले नाव दिले आणि मृत्युपत्राने वारस केले. संस्था ही दारातली पायरी होती. मूल पोहोचले ते घरात. हाच यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात आल्या आणि त्या संसर्गाने १० मार्च रोजी गेल्या. रमाबाई दुष्काळातील मुलींसाठी धावपळ करीत होत्या तो काळही हाच.

१२/
मग ख्रिस्ती कुटुंबांनी ही मुले सरळ दत्तक का घेतली नाहीत? त्यांना इच्छा नव्हती म्हणून नव्हे. त्यांना कायदा नव्हता म्हणून. हिंदूंना परंपरेने, आणि १९५६ नंतर स्वतंत्र कायद्याने, दत्तकाचा मार्ग होता. ख्रिस्ती, मुस्लिम, पारशी आणि ज्यू कुटुंबांसाठी उरला तो १८९० चा पालक आणि पाल्य कायदा. त्यानुसार दांपत्य मुलाचे फक्त ‘पालक’ होत असे. मूल सज्ञान झाले की ते नाते कायद्याच्या दृष्टीने संपे. वारसाहक्कही आपोआप मिळत नसे.

१३/
परिणाम विचित्र झाला. चर्चला अनाथालय काढण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. पण चर्चमध्ये बसणाऱ्या दांपत्याला त्याच अनाथालयातील मूल स्वतःचे म्हणवून घेता येत नव्हते. शंभर वर्षे दानपेटीतील पैसा इमारतींकडे गेला, याचे एक कारण इथे आहे. सर्वधर्मीयांसाठी समान दत्तक कायदा करण्याची १९७२ आणि १९८० ची विधेयकेही कायद्यात रूपांतरित झाली नाहीत.

१४/
दरम्यान जगाचे मत बदलत होते. ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर यांनी १८३६ मध्ये सुरू केलेल्या कार्याचा रमाबाईंवर मोठा प्रभाव होता. अ‍ॅशली डाउन येथील म्यूलर यांच्या पाच प्रचंड इमारतींत १८७० पर्यंत दोन हजारांहून अधिक मुलांची सोय झाली होती. १९५८ मध्ये त्याच संस्थेने त्या इमारती विकल्या आणि मुलांना लहान कौटुंबिक घरांत हलवले. जगभरच्या मिशनांनी ज्या अनाथालयाचा आदर्श ठेवला होता, त्यानेच आपला नमुना बदलला.

१५/
या बदलामागे अभ्यास होता. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. लहान मुलाला अन्न आणि स्वच्छता यांच्याइतकीच एका ठरावीक, न बदलणाऱ्या माणसाच्या मायेची गरज असते, हा त्याचा गाभा. पाळीपाळीने बदलणारे कर्मचारी कितीही प्रेमळ असले तरी ही गरज भागत नाही. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. मुलाला कुटुंबापासून वेगळे करणे हा शेवटचा उपाय आणि केवळ गरिबी हे त्याचे कारण असू नये, असे त्यांत स्पष्ट आहे.

१६/
भारतात कोंडी फुटली ती मुंबईत. एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी निर्णय दिला की सोडून दिलेल्या मुलाचा कुटुंब, नाव आणि राष्ट्रीयत्व मिळण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणून व्यक्तिगत कायदा नसला तरी दत्तक घेता येईल. इथे प्रश्नच उलटा झाला. ‘पालकाला मूल घेता येते का?’ याऐवजी ‘मुलाला घर मिळते का?’ असे न्यायालयाने विचारले.

१७/
बाल न्याय अधिनियम २०००, त्यातील २००६ ची दुरुस्ती आणि पुढे २०१५ चा नवा अधिनियम यांनी हा मार्ग सर्व धर्मांसाठी पक्का केला. २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. २०१५ च्या अधिनियमात संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय, हे तत्त्व म्हणून लिहिले आहे. दत्तकाखेरीज प्रतिपालकत्व, म्हणजे काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात संगोपन, आणि प्रायोजकत्व, म्हणजे मूल स्वतःच्याच घरी राहावे म्हणून आर्थिक मदत, हे मार्गही त्यात आहेत.

१८/
महाराष्ट्रात यासाठी बाल संगोपन योजना आहे. आई किंवा वडील गेलेले, दोघेही नसलेले, आजारपणाने किंवा संकटाने घर मोडलेले मूल आजी, मामा, काका यांच्याकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात वाढते आणि त्यासाठी दरमहा मदत मिळते. २०२३ मध्ये ही रक्कम ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाली. योजनेला आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. यशवंताला घर देणाऱ्या बाईचे नाव या योजनेला असणे योग्यच.

१९/
आता पुन्हा गोंदिया. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतून आजही माणसे कामासाठी दूर जातात. मागे आजी आणि नातवंडे राहतात. जिल्ह्यात ख्रिस्ती समाज अगदी थोडा आणि चर्च लहान. मोठी इमारत बांधण्याची ऐपत त्यांच्याकडे नाही, आणि इतिहास सांगतो की तिची गरजही नाही. लहान मंडळीला जे जमते तेच इथे हवे आहे: विधवा आईचा योजनेचा अर्ज भरून देणे, आजीच्या घरी शिधा पोहोचवणे, शाळेची फी भरणे, मूल घेणाऱ्या दांपत्याच्या पाठीशी उभे राहणे.

२०/
मात्र चांगल्या हेतूने कोणीही मूल परस्पर घरी नेऊ शकत नाही. निराधार मुलाची माहिती १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्यावी लागते. त्याच्याबाबतचा निर्णय बाल कल्याण समिती घेते. हे नियम अडथळा म्हणून आलेले नाहीत. १८९७ मध्ये गाडीभर मुले एका दिवसात सोपवली जात होती, नातलगांचा शोध अर्धवट राहत होता आणि मुलाचा धर्म दुसरे कोणी ठरवत होते. आजच्या चौकशीमागे त्या काळाची शिकवण आहे. म्हणूनच मदत करणाऱ्या चर्चने मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागू नये, हीही त्याच इतिहासाची अट आहे.

२१/
त्या दुष्काळात ज्यांनी अनाथालये काढली त्यांनी समोर मरत असलेली मुले वाचवली. रमाबाईंपुढे त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यांच्या धैर्याला त्यामुळे उणेपणा येत नाही. पण जो उपाय आणीबाणीचा होता तो पिढ्यान्‌पिढ्या रीत होऊन बसला, कारण इमारत एकदा उभी राहिली की तिला मुले लागतात. ऐंशी हजारांची घट जनगणनेत सापडते. त्यांतल्या किती लेकरांचा मामा किंवा आजी पुढच्या गावात जिवंत होती, हे विचारायला मात्र कोणी थांबले नाही. आज ते विचारण्यासाठी कायदा आहे, योजना आहे आणि माणसेही आहेत.