विसार दिला, खरेदीखत बाकी

'तारण म्हणजे काय हो?' असं आष्टी तालुक्यातल्या कडा गावच्या बाजारात कुणालाही विचारलं, तर तो आधी सोनं सांगेल, मग जमीन, मग गोदामात ठेवलेला शेतमाल. बँकेकडून पैसे उचलायचे तर त्याबदल्यात काहीतरी अडकवून ठेवावं लागतं, ते तारण. इथून पन्नासेक किलोमीटरवर, नगरच्या एखाद्या चर्चमधून बाहेर पडणाऱ्या आजींना हाच शब्द विचारला, तर त्या सांगतील : पापातून सुटका, येशूने केलेली. दोघंही बरोबर. दोघांचं मराठी एकच, आणि शब्दाचं मूळही एकच.

संस्कृतातला 'तॄ' हा धातू, अर्थ पाणी ओलांडणं. 'तरणे' म्हणजे स्वतः पैलतीर गाठणं, 'तारणे' म्हणजे दुसऱ्याला पोचवणं. गंमत अशी की आष्टी तालुका सदा पावसाची वाट पाहणारा, पण व्यवहाराची भाषा सगळी पाण्याची. पैसे बुडतात, पतसंस्था बुडते, माणूस कर्जात गळ्यापर्यंत बुडतो, आणि एखाद्या वर्षी परतीचा पाऊस झाला की शेतकरी तरतो. दिलेली रक्कम बुडू नये म्हणून जे धरून ठेवायचं, त्याला तारण म्हणणं मग ओघानंच आलं.

या धातूचं गोत मोठं आहे. तीर त्यातलंच. तीर्थ म्हणजे मुळात नदीतला उतार, जिथून पायी पलीकडे जाता येतं ती जागा. असा उतार बांधून देणारा तो तीर्थंकर. कड्यात अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाच्या शाळा-कॉलेजांमुळे जैन परंपरेचं नाव रोजच्या तोंडात आहे, पण तीर्थंकरांतला 'तीर्थ' आणि सोनेतारणातलं 'तारण' ही सख्खी भावंडं आहेत, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. 'अव' लावला की अवतार, खाली उतरणं. 'उद्' लावून झालेल्या 'उतर'पासून सातबाऱ्याचा उतारा, नजर काढायचा उतारा, आणि २०२२ साली सुरू झालेल्या नगर-आष्टी गाडीतून कड्याला उतरणारा उतारूसुद्धा.

ख्रिस्ती लोकांना येशूसाठी या गोतातून नेमका शब्द निवडायचा होता. ग्रीकमध्ये तो होता 'सोतेर', वाचवणारा. हा शब्द काही चर्चची मिरास नव्हे. राजे लोक तो बिरुदासारखा लावत. ख्रिस्ताच्या दीडेकशे वर्षं आधी वायव्य भारतात राज्य करणाऱ्या मिनँडरच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीकमध्ये 'सोतेर' आहे आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत त्याचंच प्राकृत, 'त्रतर', म्हणजे आपला त्राता. येशूचा जन्म व्हायच्या आधीच त्याच्या बिरुदाचं भारतीय भाषांतर टांकसाळीत होऊन बसलं होतं.

मराठीत ही निवड अनेक हातांनी झाली. गोव्यात थॉमस स्टीफन्सने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं तेव्हा स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हणताना त्याला संकोच वाटला नाही. १८११ साली विल्यम कॅरीने श्रीरामपूरला (आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं) मराठी नवा करार छापला, त्यात वैजनाथशास्त्र्यांची मदत होती. १८३१ मध्ये अमेरिकन मिशनरी नगरला आले, १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' निघू लागला. पंडिता रमाबाईंनी केडगावला आपल्या संस्थेला नाव दिलं 'मुक्ती', आणि हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायाबापड्यांना कळेल असं बायबल मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली. मराठवाड्यात मात्र मुक्ती म्हटलं की आधी मुक्तिसंग्रामाचा १७ सप्टेंबर आठवतो. शब्द कुठल्या जिल्ह्यात उच्चारला जातो, यावरही त्याचा अर्थ ठरतो.

नगरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळींत रुळला तो 'तारणारा'. मला तो 'तारक' किंवा 'त्राता'पेक्षा सरस वाटतो, आणि त्याचं कारण व्याकरणात आहे. मराठीतलं '-णारा' दोन कामं करतं. 'भाकरी थापणारी' म्हणजे जी थापते ती. पण 'तो उद्या येणार' यात अजून न घडलेलं आहे. तारणारा म्हणताना तारून झालेलं, तारणं चालू असलेलं आणि पुढे तारायचं राहिलेलं, तिन्ही एका प्रत्ययात मावतं. जो आता डोळ्यांपुढे नाही पण येणार आहे असं मानायचं, त्याच्यासाठी याहून नेमकं रूप मिळणं अवघड.

डोळ्यांपुढे नाही, हीच तर खरी अडचण. महाराष्ट्राला संतांच्या जाण्याची सवय आहे, पण आपल्याकडचं जाणं बहुधा मागे एक जागा ठेवून जातं. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली ती आळंदीत, साईबाबा १९१८ मध्ये गेले ते शिर्डीत. माणूस गेला तरी पत्ता राहिला, तिथे रांग लावता येते, माथा टेकता येतो. तुकोबांचं सदेह वैकुंठगमन हा त्यातला अपवाद, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या सर्वांत जवळचा. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं सांगत, त्यात हेही असावं असं मला वाटतं. ख्रिस्ती श्रद्धेत तर थडगंच रिकामं. पुनरुत्थानानंतर चाळीसाव्या दिवशी स्वर्गारोहण, म्हणजे देहही इथे नाही. मग मागे काय ठेवलं?

प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत याचं उत्तर दिलं आणि मराठी बायबलने ते जसंच्या तसं बाजारभाषेत उतरवलं : विसार. पवित्र आत्मा हा विसार आहे. नव्या करारात हा शब्द तीनदा येतो, करिंथकरांस दुसऱ्या पत्रात दोनदा आणि इफिसकरांस पत्रात एकदा. मूळ ग्रीक शब्द 'अराबोन', तोही ग्रीकांचा घरचा नव्हे. समुद्रावर व्यापार करणाऱ्या सेमिटिक भाषिकांकडून आलेला. हिब्रूत तो 'एराबोन'. बायबलातल्या उत्पत्तीच्या अडतिसाव्या अध्यायात यहूदा एका बाईला शेळीचं करडू पाठवतो म्हणतो, आणि ते येईपर्यंत आपली मुद्रा, गोफ आणि हातातली काठी तिच्याकडे ठेवतो. तिथे हाच शब्द आहे.

पण कड्याचा कुठलाही व्यवहारी माणूस इथे थांबवेल. यहूदाने ठेवलं ते तारण. करडू पोचलं की काठी परत. विसार वेगळा. जमिनीचा सौदा ठरतो, चार माणसांसमोर विसारपावती होते, किमतीचा काही हिस्सा हातात पडतो. ती रक्कम परत न्यायची नसते, ती किमतीतलीच असते. उरलेली दिल्यावर खरेदीखत, मग सातबाऱ्यावर नाव. मधल्या काळात जमीन अजून पहिल्याच्याच नावावर असते, आणि तरी ती विकली गेली हे गावाला माहीत असतं. पौलाला नेमका हाच मधला काळ सांगायचा होता. मराठी भाषांतरकाराने 'तारण' हा चर्चमध्ये रुळलेला, हाताशी असलेला शब्द सोडून 'विसार' उचलला, याची मला दाद द्यावीशी वाटते.

आणखी एक शब्द त्याला घेता आला असता आणि घेतला नाही हे बरं झालं : उचल. आष्टी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. त्याआधी मुकादमाकडून उचल घेतात, आणि घेणारा बांधला जातो. हंगाम संपला तरी ती फिटेलच असं नाही. उचलही आगाऊ, विसारही आगाऊ. पण विसारात बांधला जातो तो देणारा. त्याने सौदा मोडला तर रक्कम त्याचीच जाते. आधी दिलेल्या पैशाने कोणाची मान अडकते, हा फरक कोयत्याच्या जोडीला धर्मशास्त्र्याने समजावून सांगायची गरज नाही.

या विसाराबरोबर येणारा 'वतन' हा शब्द मात्र पचायला जड. अरबीत वतन म्हणजे राहण्याची जागा, मायदेश. मराठीत तो वंशपरंपरेचा हक्क झाला, आणि बायबलात देवाकडून मिळायचा वारसा. पण नगरच्या खेड्यांतले ख्रिस्ती झालेले पुष्कळ लोक महार समाजातले. त्यांच्या वाडवडिलांना वतन माहीत होतं ते तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात गावाची वेठ म्हणून. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. ज्या गळफासातून सुटायचं तोच शब्द स्वर्गासाठी वाचताना त्या माणसांना काय वाटलं असेल, हे भाषांतर करणाऱ्यांनी विचारलेलं दिसत नाही. शब्द चुकीचा नव्हता, पण कुणाच्या कानावर पडणार याचा हिशेब राहून गेला.

'कैवारी'चं भाग्य त्यामानाने चांगलं. योहानाच्या शुभवर्तमानात येशू जाताना दुसरा कैवारी मिळेल असं सांगतो; ग्रीक 'पाराक्लेतोस', हाकेला धावून येऊन आपली बाजू घेणारा. 'दुसरा' म्हटलं म्हणजे पहिला तो स्वतः. आपल्याकडे हा शब्द निवडणुकीच्या फलकांवर इतका झिजलाय की गरिबांचा कैवारी म्हटलं की हात जोडलेला फोटोच डोळ्यांपुढे येतो.

शेवटी एक शब्द, ज्याचं भाषांतर पौलानेही केलं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अखेरीस, ग्रीक लिहिता लिहिता त्याने मध्येच येशूची बोली अरामी वापरली : मारानाथा. जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती, त्यामुळे तो दोन तऱ्हांनी तोडता येतो. 'माराना था' म्हटलं तर 'आमच्या प्रभू, ये'. 'मारान अथा' म्हटलं तर 'आमचा प्रभू आला आहे'. त्याच अक्षरांत वाट पाहणं आणि येऊन पोचणं. विद्वानांचा कल बहुतेक पहिल्याकडे. याच आष्टी तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथांचं स्थान आहे आणि पलीकडे पाथर्डीत मढीला कानिफनाथांचं. या भागातला माणूस तो शब्द पहिल्यांदा वाचेल तेव्हा तिसऱ्याच ठिकाणी तोडेल, आणि त्यातलं 'नाथा' हे संबोधनच ऐकेल. अरामीशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण अर्थाच्या बाबतीत तो फारसा चुकलेला नसेल.