समीक्षकाची पत्रं

मंडळी, आज जरा लांबची गोष्ट सांगतो. शेवटी ती आपल्याच दारात येणार आहे.

1890 च्या दशकातलं लंडन. लायसियम थिएटरवर हेन्री आयर्विंगचं राज्य. 1895 मध्ये ‘सर’ झालेला हा पहिला नट. त्याच्याबरोबर 1878 पासून उभी असलेली नायिका म्हणजे एलेन टेरी. आयर्विंग हॅम्लेट, ती ऑफेलिया. (आपल्याकडे आगरकरांनी याच हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं ते 1883 मध्ये. पुढे गणपतराव जोशींनी ती भूमिका गाजवली. म्हणजे काळ तोच.)

टेरीला पत्रं लिहिणारे थोडेथोडके नव्हते. ‘अ‍ॅलिस’वाला लुईस कॅरोलही त्यातलाच. पण सगळ्यात गाजली ती बर्नार्ड शॉची पत्रं. सुरुवात साधी. 1892 मध्ये टेरीनं एका गायिका मैत्रिणीसाठी एका साप्ताहिकाच्या संपादकाला विचारणा केली. चिठ्ठी गेली तिथल्या संगीत समीक्षकाकडे, म्हणजे शॉकडे. तिथून जे सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. गंमत म्हणजे दोघं एकाच शहरात, तरी 1900 पर्यंत समोरासमोर भेट नाही. ती स्टेजवर, हा प्रेक्षकांत, आणि मध्ये टपाल.

लोक या पत्रांना प्रेमपत्रं म्हणतात. असतीलही. मी पडलो पेपरवाला, माझी नजर भलतीकडेच जाते.

1895 ते 1898 शॉ ‘सॅटर्डे रिव्ह्यू’चा नाट्यसमीक्षक होता. सप्टेंबर 1896 मध्ये लायसियमवर ‘सिंबेलिन’ आलं, टेरी इमोजेनच्या भूमिकेत. त्याआधी शॉनं पत्रांतून तिची शिकवणीच घेतली होती: कुठलं वाक्य कसं घ्यायचं, काय गाळायचं. नाटक लागलं आणि त्याच शॉनं त्याचं परीक्षण छापलं! टेरीचं कौतुक, शेक्सपियरची धुलाई, आणि आयर्विंगनं संहितेची केलेली काटछाट तर पार सोलून काढली. वर आणखी एक. शॉचं स्वतःचं ‘द मॅन ऑफ डेस्टिनी’ हे नाटक तेव्हा आयर्विंगच्या विचाराधीन होतं, आणि त्यातली बाई टेरीनं करावी अशी शॉची इच्छा. म्हणजे तोच चाहता, तोच मास्तर, तोच परीक्षक, आणि तोच माल विकायला आलेला नाटककार.

शॉची बाजूही सांगायला हवी. तो मिंधा झाला नाही. टेरीसारखी गुणी बाई लायसियममध्ये वाया चाललीय, हे तो उघड छापत होता, तेही आयर्विंगच्या हातात आपलं नाटक अडकलेलं असताना. आयर्विंगनं ते नाटक शेवटी केलंच नाही. टेरीसाठी लिहिलेलं दुसरं नाटक, ‘कॅप्टन ब्रासबाउंड्स कन्व्हर्जन’, तिनं केलं ते थेट 1906 मध्ये, तिच्या रंगभूमीवरच्या पन्नासाव्या वर्षी.

पण त्या आठवड्यात पैसे देऊन ‘सॅटर्डे रिव्ह्यू’ घेणाऱ्या वाचकाला यातलं काय माहीत होतं? इमोजेनच्या तालमीत परीक्षकाचाही हात आहे, हे त्याला कोण सांगणार?

हे जगाला कळलं 1931 मध्ये. टेरी 1928 ला गेली, त्यानंतर पत्रव्यवहार पुस्तकरूपानं आला. तिचा मुलगा गॉर्डन क्रेग भडकला, आईचं खासगी बाजारात मांडलं म्हणून. मुलगा म्हणून त्याचं दुःख खरं होतं. तरी ती पत्रं राहिली म्हणूनच आज परीक्षणाशेजारी पत्र ठेवून वाचता येतं.

आता आपल्याकडे या. सकाळी नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची, दुपारी त्याच्याच नगरपालिकेतल्या टेंडरची बातमी लिहायची. रात्री ‘साहेब, भाषण जबरदस्त’ असा मेसेज टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच भाषणाचं ‘विश्लेषण’ करायचं. कौतुक करणं गुन्हा नाही हो. आवडलेल्या माणसाला आवडलं म्हणून कळवावंच. पण वाचकापासून ते लपलं की कौतुकाचा सौदा व्हायला वेळ लागत नाही. आणि आपल्यातल्या बहुतेकांकडे शॉची लेखणीही नाही, कणाही नाही.

तेव्हा बातमी वाचताना एवढंच विचारत जा: हा लिहिणारा ज्याच्याबद्दल लिहितोय, त्याला खासगीत काय लिहीत असेल? माझ्याबद्दलही विचारा. खाली कमेंट मोकळीच आहे.