मुक्कामाचा इतिहास : ढोलकी फडाच्या तमाशाचे फिरस्ते जीवन आणि मराठवाड्याचा यात्रामार्ग

प्रास्ताविक

तमाशाचा इतिहास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी लिहिला गेला. एक अंग वाङ्मयीन : पेशवाईतील शाहीर, त्यांच्या लावण्या, पुढे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांची रचना व वगनाट्याची घडण. दुसरे अंग रंगभूमीचे : गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग हा क्रम, सोंगाड्याचे स्थान, लोकनाट्याशी असलेले नाते. या दोन्ही अंगांनी झालेले काम मोलाचे आहे. तथापि ढोलकी फडाचा कलावंत वर्षातील सात-आठ महिने ज्या रस्त्यावर जगतो, त्या रस्त्याची नोंद या इतिहासात अभावानेच सापडते. मंचावरील चार-पाच तास सोडले तर त्याचे उरलेले आयुष्य प्रवास, मुक्काम, चूल, उचल आणि हिशोब यांत जाते. या फिरस्त्या जीवनाचा विचार प्रस्तुत लेखात मराठवाड्याच्या संदर्भात केला आहे.

येथे आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. तमाशाचे ‘संगीत बारी’ आणि ‘ढोलकी फड’ असे दोन ठळक प्रकार मानले जातात. संगीत बारी मुख्यतः कलाकेंद्रात स्थिरावते. रसिक तिच्याकडे येतो. ढोलकी फड मात्र रसिकाकडे जातो. त्यामुळे फिरस्तेपणा हा त्याच्या व्यवसायाचाच पाया ठरतो.

हंगाम आणि मार्ग

फडाचे वर्ष पंचांगाने आखलेले असते. पावसाळ्यात फड बंद राहतो. श्रावण-भाद्रपदात नवा वग बसविला जातो, वादकांची जुळणी होते आणि दसऱ्याला फड बाहेर पडतो. तेव्हापासून साधारण बुद्धपौर्णिमेपर्यंत तो रस्त्यावर असतो. या काळाचेही दोन भाग पडतात. पहिल्या भागात तंबू ठोकून, कनात लावून, तिकीट विकून खेळ केले जातात. त्यात पडेल त्या गर्दीचा धोका फडमालकाचा. चैत्रापासून गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की सुपारीचा हंगाम येतो. गावचे पंच येतात, इसार देतात, तारीख बांधून घेतात आणि खेळ उघड्या मैदानात सर्वांसाठी होतो. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात व तेथेच हे करार होतात, हे सर्वश्रुत आहे. यात्रेच्या रात्री खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हजेरी’ अशी दुहेरी सेवा एकाच सुपारीत अपेक्षित असते. रात्रभर जागलेला ढोलकीवाला सकाळी पुन्हा उभा राहतो आणि हजेरी संपताच सामान गाडीत चढते, कारण त्याच रात्री दुसऱ्या गावाची सुपारी असते.

मराठवाड्यात या पंचांगाला स्थानिक मुक्काम आहेत. आश्विनात हिंगोलीचा दसरा, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, माघात महाशिवरात्रीला औंढा नागनाथ, आणि नंतर चैत्र-वैशाखातील लहानमोठ्या यात्रा. माळेगावला घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार भरतो आणि त्याच्याच शेजारी फडांचे तंबू उभे राहतात. जनावरांचा सौदा उरकलेला शेतकरी व व्यापारी हाच तंबूचा प्रेक्षक. हिंगोलीहून माळेगावकडे जाणारा सरळ रस्ता कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, डोंगरकडा, अर्धापूर असा नांदेडला उतरतो. या मार्गावरील कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव केळी आणि हळदीच्या शिवारात वसले आहे. अशा गावाचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय फडाचे अर्थकारण समजत नाही. हळद माघ-फाल्गुनात काढली जाते, शिजवून वाळविली जाते व तिचा पैसा चैत्र-वैशाखात हाती येतो; सुपारीचा हंगामही नेमका तोच. पीक बुडाले की यात्रेची वर्गणी आटते आणि वर्गणी आटली की फडाची तारीख रिकामी जाते. मराठवाड्यातील १९७२ च्या दुष्काळाचा इतिहास शेतकरी व शेतमजुरांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला; यात्रेच्या वर्गणीवर जगणाऱ्यांचा त्यात फारसा उल्लेख नाही.

राज्यसीमा आणि परवानगी

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नगर-पुण्याकडील फडाला मराठवाड्यात शिरणे म्हणजे परराज्यात शिरणे होते. संस्थानचे चलन निराळे, हाली सिक्क्याचे. सीमेवर करोडगिरीचे नाके. आणि ‘गश्ती निशान ५३’ने सार्वजनिक सभांवर घातलेले निर्बंध. भाषा एक, यात्रेचा देवही एकच, परंतु अंमल दोन, अशी ही स्थिती होती.

याच सुमारास सीमेपलीकडे, मुंबई राज्यात, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना तमाशावर बंदी आली. अश्लीलता हे कारण देण्यात आले. कलावंतांच्या दाद-फिर्यादीनंतर बंदी उठली, पण ती वगाची संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समितीही नेमली गेली. ‘सुधारणा’ या शब्दाचा फडावर झालेला परिणाम वेगळ्याने पाहिला पाहिजे. बतावणी ही मुळात त्या-त्या गावात सुचणारी, हजरजबाबी गोष्ट. गाव बदलले की विनोद बदलतो. पाटील, तलाठी, सावकार यांची नावे न घेता त्यांना ओळखता येईल असे बोलणे हेच सोंगाड्याचे कसब. कागदावर आधी मंजूर करून घ्यावयाच्या संहितेत ते बसत नाही. रस्त्यावर घडणारी कला कचेरीत तपासली जाऊ लागली, असे म्हणणे वावगे ठरू नये.

उचल, चूल आणि स्त्री कलावंत

फड पूर्वी दहा-पंधरा माणसांचा असे. ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडी, झांज एवढे साहित्य. प्रवास पायी किंवा बैलगाडीने. ट्रक, जनित्र, ध्वनिक्षेपक, रंगीत दिवे आले तसा मोठ्या फडांचा आकार शंभराच्या वर गेला. त्यात कलावंतांइतकेच तंबूवाले, चालक, वीजकाम पाहणारे, आचारी असतात. खर्च वाढला, पण त्याची उभारणी जुन्याच पद्धतीने होत राहिली. फड बंद असलेल्या पावसाळ्यात कलावंताला मालकाकडून ‘उचल’ मिळते आणि ती पुढील हंगामात कामाने फेडायची असते. मालक ही रक्कम बहुधा व्याजाने काढतो. म्हणजे दसऱ्याला जो फड निघतो तो आधीच कर्जात असतो. मालकाला शोषक ठरवून हा प्रश्न मिटत नाही, कारण एक यात्रा पावसाने उधळली तर उचल देणारा आणि घेणारा दोघेही एकाच ट्रकमध्ये उपाशी बसतात.

यात जातीचा प्रश्न अंतर्भूत आहे. फडातील कलावंत मोठ्या प्रमाणावर महार, मांग, कोल्हाटी, गोपाळ या समाजांतून आले. ज्या गावाने सुपारी देऊन बोलावले त्याच गावात उतरायला जागा कोठे मिळेल, पाणी कोणत्या विहिरीचे, हे प्रश्न फडाला नवे नव्हते. तंबू हेच घर, मंचामागची जागा हेच स्वयंपाकघर आणि तेच बाळंतिणीची खोलीही. विठाबाई नारायणगावकर यांच्याविषयीचा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो : दिवस भरलेले असताना खेळ चालू होता, पडद्यामागे बाळंतपण झाले, नाळ दगडाने तोडली आणि त्या पुन्हा मंचावर आल्या. कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग कौतुकाने सांगितला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यात बाळंतपणाची रजा नसलेली, खेळ थांबवला तर सुपारी बुडेल हे जाणणारी एक कामकरी स्त्रीही पाहावयास हवी. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडात वाढलेल्या या कलावतीला १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा उपचाराच्या खर्चासाठी त्यांना इतरांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागले होते. पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावे जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

फडाची मालकी स्त्रियांकडेही आली, ही बाब तेवढीच महत्त्वाची आहे. तुकाराम खेडकर यांच्या १९६४ मधील निधनानंतर कांताबाई सातारकर यांनी हिमतीने स्वतःचा फड उभा केला; मुलगा रघुवीर खेडकर यांनी तो वारसा पुढे नेला. कांताबाईंचे मे २०२१ मध्ये निधन झाले. मालकीण म्हणून स्त्रीला येणारे अधिकार, सावकाराशी व पंचांशी करावी लागणारी बोलणी, मुलांच्या शाळेची झालेली आबाळ यांचा स्वतंत्र अभ्यास होणे अगत्याचे आहे.

मोडलेला हंगाम

चित्रपट, दूरचित्रवाणी व पुढे मोबाईल यांमुळे तमाशा मागे पडला, असे सरसकट विधान केले जाते. ते अर्धेच खरे आहे. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने तमाशाचा विषय घेऊनच अफाट यश मिळविले आणि चित्रपटगीते पुढे फडानेच मंचावर आणली. गण-गौळण आखडली, वग मध्यरात्रीनंतरवर ढकलला गेला, रंगबाजीचा वेळ वाढला. प्रेक्षक टिकविण्यासाठी फडाने हे केले. जाणकारांनी त्याबद्दल त्यालाच दोष दिला.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. राहुट्यांत करार व्हावयाचे ते दिवस, यात्रा भरावयाचा तो महिना आणि उचल फेडण्याचा तोच हंगाम. पुढच्या वर्षीही चैत्रातील यात्रा भरल्या नाहीत. ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्या कलावंतांना मजुरीचा रस्ता धरावा लागला. दोन वर्षे ढोलक्या गवसणीत राहिल्या. उचलीवरचे व्याज मात्र थांबले नाही.