डार्कलिंग : अंधारात असलेल्यांचा शब्द

'डार्कलिंग' हा शब्द आजच्या इंग्रजी बोलण्यात ऐकू येत नाही. पत्रात किंवा बातमीतही तो सहसा आढळत नाही. मात्र मिल्टन, कीट्स, मॅथ्यू अर्नल्ड आणि थॉमस हार्डी या चौघांच्याही गाजलेल्या काव्यात तो भेटतो. 'डार्क' हा भाग ओळखीचा असल्याने कोश उघडण्याची गरज वाटत नाही आणि 'अंधारत जाणारा' असा अर्थ गृहीत धरला जातो. अनेक ठिकाणी तो चुकतो.

मूळ अर्थ

पंधराव्या शतकाच्या मध्यापासून आढळणारा हा शब्द मुळात क्रियाविशेषण आहे. त्याचा अर्थ 'अंधारात' किंवा 'अंधारात असताना' असा होतो. त्याच्या शेवटी आलेला प्रत्यय दिशा अथवा स्थिती दाखवणारा जुना प्रत्यय आहे. 'डकलिंग' म्हणजे बदकाचे पिल्लू, या शब्दातील प्रत्यय दिसायला तसाच असला, तरी तो निराळा आहे. पुढे जुना प्रत्यय वापरातून गेला आणि शब्दाचा शेवट धातुसाधितासारखा वाटू लागला. 'पालथे पडून' या अर्थाच्या 'ग्रॉव्हलिंग' या क्रियाविशेषणाचेही असेच झाले. लोकांनी त्यातून 'ग्रॉव्हल', म्हणजे लोटांगण घालणे, हे नवे क्रियापद काढले.

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनाही हाच पेच पडला होता. १७५५ च्या कोशात त्यांनी 'डार्कलिंग' हे 'डार्कल' या क्रियापदाचे रूप असावे, असा तर्क केला. पण ते क्रियापद आपल्याला कुठेही आढळले नाही, अशी प्रांजळ कबुलीही दिली. शब्द केवळ काव्यातला आहे, असा शेराही त्यांनी मारला. स्वतः जॉन्सन यांनी १७४९ च्या 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस' या दीर्घकाव्यात तो वापरला होता. त्यांना न सापडलेले क्रियापद एकोणिसाव्या शतकात बायरनसारख्या कवींच्या लेखनात अवतरले. ते या शब्दावरूनच घडवलेले होते.

कवितेतील प्रवास

शेक्सपिअरच्या नाटकांत हा शब्द पात्रांच्या तोंडी येतो. 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये रात्रीच्या रानात एकटी टाकली जाणारी हेलेना तो उच्चारते, तर 'किंग लिअर'मधील विदूषक मेणबत्ती विझल्यावर मागे राहिलेल्यांची अवस्था त्यातून सांगतो.

मिल्टन १६५२ पर्यंत पूर्ण अंध झाला होता. १६६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॅराडाइज लॉस्ट'च्या तिसऱ्या सर्गाच्या आरंभी तो प्रकाशाला आवाहन करतो आणि आपल्या काव्यरचनेची तुलना रात्री गाणाऱ्या नाइटिंगेल पक्ष्याशी करतो. तिथे अंधार ही केवळ कल्पना राहत नाही.

मिल्टनचा बारकाईने अभ्यास केलेल्या कीट्सने १८१९ च्या 'ओड टु अ नाइटिंगेल'मध्ये तोच शब्द त्याच पक्ष्यासोबत आणला. मात्र आता अंधारात आहे तो ऐकणारा. धाकटा भाऊ टॉम आदल्या वर्षाच्या डिसेंबरात क्षयाने गेला होता. कवी स्वतः १८२१ मध्ये त्याच रोगाने गेला. या कडव्यात तो मरणाच्या ओढीविषयी बोलतो. डोळ्यांना काही दिसत नाही, केवळ कान उरले आहेत, ही अवस्था शब्दाने नेमकी पकडली आहे. 'सांज दाटत असता' असे भाषांतर केल्यास तीच नाहीशी होते.

अर्नल्डच्या 'डोव्हर बीच'मध्ये (१८६७) मात्र हे विशेषण माणसाला नव्हे, मैदानाला लागते. इथे 'अंधारते' किंवा 'अंधारलेले' हाच अर्थ योग्य ठरतो. हार्डीची कविता २९ डिसेंबर १९०० रोजी 'द ग्राफिक' या साप्ताहिकात निराळ्या शीर्षकाने छापून आली आणि नंतर 'द डार्कलिंग थ्रश' झाली. शतक संपताना, हिवाळ्याच्या सांजवेळी एक म्हातारा, अशक्त पक्षी गातो. पक्षी अंधारात आहे आणि सभोवती अंधारतही आहे. येथे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

आजचा वापर

कवितेबाहेर हा शब्द प्रामुख्याने कीटकशास्त्रात टिकला आहे. टेनेब्रिऑनिडी कुळातील भुंगेऱ्यांना इंग्रजीत 'डार्कलिंग बीटल' म्हणतात. कुळाचे नावही अंधारासाठी असलेल्या लॅटिन शब्दाशी नाते सांगते. रवा-पिठात होणारा तांबूस भुंगेरा याच कुळातला. मराठी स्वयंपाकघराची या शब्दाशी ओळख आहे ती अशी!

मराठीत एकच प्रतिशब्द सर्वत्र चालत नाही. शब्द माणसाच्या किंवा पक्ष्याच्या कृतीशी जोडलेला असेल, तर 'अंधारात' किंवा 'काळोखात' हे साधे रूप पुरते. तो जागेचे वर्णन करीत असेल, तर 'अंधारलेला' चालते. त्यामुळे अर्थ लावण्यापूर्वी अंधारात कोण आहे, हे पाहावे.