वेष आणि विवेक

इतिहासकार लढायांच्या तारखा जपून ठेवतात. पण त्या काळीं घरांतल्या स्त्रिया काय नेसत होत्या, हें सांगण्याचें त्यांच्या सहसा मनांत येत नाहीं. आम्ही भिवंडीस राहतों. येथें मागांचा खडखडाट रात्रंदिवस कानांवर असतो व कित्येक घरें कापडाच्या धंद्यावरच चालतात. तेव्हां वस्त्राचा इतिहास निदान आम्हांस तरी परका वाटूं नये. सध्यां आजीच्या काळचा पोषाख पुन्हां अंगावर घालण्याची आवड तरुण मुलींत वाढलेली दिसते. जुनीं छायाचित्रें व जुने बोलपट पाहून कोणी खणाची चोळी शिवून घेते, कोणी लग्नकार्यांत नऊवारी नेसते. या आवडीची थट्टा करणें सोपें आहे. पण ज्या स्त्रियांचें अनुकरण करावयाचें, त्यांनीं तो वेष कां पत्करला होता हें पाहणें अधिक उपयोगाचें होईल.

पहिलें उदाहरण आमच्या शेजारचेंच आहे. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ सालीं कल्याणास झाला. १८८३ सालीं अमेरिकेस निघण्यापूर्वीं बंगालमधील श्रीरामपूर येथें भरसभेंत त्यांनीं असें जाहीर केलें होतें कीं, आपण हिंदु राहूनच जाऊं व हिंदु राहूनच परत येऊं. फिलाडेल्फियाच्या थंडींत हें वचन पाळणें सोपें नव्हतें. कासोट्याच्या लुगड्यांत पोटऱ्या उघड्या राहतात. म्हणून त्यांनीं गुजराथी धर्तीचें, पाय झांकणारें नेसणें पत्करलें, पण परदेशी झगा जवळ केला नाहीं. १८८५ सालच्या एका प्रसिद्ध छायाचित्रांत त्या जपान व सीरिया येथील सहाध्यायिनींसह दिसतात. तिघीही आपापल्या देशाच्या वेषांत. पुढल्याच वर्षीं त्यांस पदवी मिळाली, आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, क्षयानें त्यांचा अंत झाला. त्यांचा वेष हौसेचा नव्हता. वचन आणि हवामान या दोहोंमधून काढलेली ती वाट होती.

त्याहून थोडें आधीं साऱ्या हिंदुस्थानच्या साडीस वळण देणारी घटना मुंबईंत घडली. पहिले हिंदी आय. सी. एस. अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर हे १८६४ सालीं मुंबई इलाख्यांत आले. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनीं येथें पारशी स्त्रियांचें नेसणें पाहिलें. बंगालच्या तत्कालीन एकवस्त्री नेसण्यांत चारचौघांत वावरणें अवघड होतें. त्यांनीं पारशी रीतींत फेरफार करून, आंत चोळी व परकर घालून, पदर डाव्या खांद्यावर घेण्याची पद्धत बसवली आणि ती इतर स्त्रियांस शिकवण्याची तयारी एका बंगाली मासिकांतून जाहीरही केली. घराबाहेर पडावयाचें होतें, म्हणून नेसणें बदललें.

परंतु निवडीचा हा हक्क सर्वांस नव्हता. त्याच काळीं महाराष्ट्रांतील कित्येक ब्राह्मण घरांत विधवेचें केशवपन करून तिला आलवण नेसवीत. तिची इच्छा कोणी विचारीत नसे. पंडिता रमाबाई १८८२ सालीं विधवा झाल्या. त्यांच्या साध्या पांढऱ्या वस्त्राचें मोल काय होतें, हें आलवण ठाऊक असल्यावांचून कळावयाचें नाहीं. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें, तें अशाच विधवांसाठीं.

मौज अशी कीं, पुढें मराठी स्त्रियांस नटण्याचे धडे दिले ते एका पुरुषानें. १९११ सालच्या 'मानापमान' नाटकांतील भामिनी व १९१६ सालच्या 'स्वयंवरां'तील रुक्मिणी या भूमिकांत बालगंधर्वांनीं नेसलेले शालू, त्यांचे दागिने, त्यांची गजरा माळण्याची ढब यांचें अनुकरण घरंदाज स्त्रिया करूं लागल्या. ज्या रंगभूमीवर स्वतः पाऊल टाकणें त्यांस अशक्य होतें, तेथूनच त्या आपलें सौंदर्य शिकत होत्या. तेच बालगंधर्व १९१९ सालच्या 'एकच प्याल्यां'त ठिगळें लावलेलें लुगडें नेसून सिंधू म्हणून उभे राहत, तेव्हां प्रेक्षकांचे डोळे भरून येत. अनुकरण मात्र शालूचेंच झालें!

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिराराजे १९१३ सालीं कूचबिहारच्या राजघराण्यांत गेल्या; फ्रान्सहून आणविलेल्या शिफॉनच्या साड्यांची आवड संस्थानिकांच्या घरांत त्यांनीं रुजवली. दुर्गाबाई खोटे, लीला चिटणीस यांसारख्या शिकलेल्या स्त्रिया बोलपटांत आल्या, त्यामुळें गोल पातळावरील नटवेपणाचा आरोप पुसला जाण्यास साहाय्य झालें, असें आम्हांस वाटतें. शिवाय १९४३ सालीं युद्धामुळें कापडावर सरकारी नियंत्रण आलें. तेव्हां नऊ वारांऐवजीं सहा वारांत भागवणें ही चैन न राहतां काटकसर ठरली.

या साऱ्या कथेंत एक माणूस कोठेंच दिसत नाहीं, आणि तो आमच्या गांवांत घरोघर आहे. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडील मुसलमान विणकर कुटुंबें भिवंडीस येऊन स्थायिक झालीं. पुढें हातमागांची जागा यंत्रमागांनीं घेतली. १९८२ सालच्या मुंबईच्या गिरणी संपानंतर तर मागांची संख्या फारच वाढली. येथें निघणारें बहुतेक कापड कोरें असतें. त्यावर रंग आणि छाप दुसरीकडे चढतात. बारा बारा तास मागापाशीं उभ्या राहणाऱ्या कामगारास आपलें कापड कोणाच्या अंगावर गेलें, हें कळतही नाहीं. नेसणारीचें नांव इतिहासांत राहतें, विणणाऱ्याचें राहत नाहीं. जुन्या वेषाची खरी आवड असेल तिनें खण घेतांना तो गुळेदगुड्डच्या हातमागाचा कीं यंत्रावरची नक्कल, आणि विणणाऱ्याच्या हातीं काय पडलें, एवढें तरी विचारावें. नक्कल विणणाराही पोटासाठींच राबतो. म्हणून त्याचा तिरस्कार करूं नये, पण दोहोंतला भेद ओळखावा.

अनुकरणांत कमीपणा नाहीं. ज्ञानदानंदिनी देवींनींही दुसऱ्यांचें पाहूनच घेतलें होतें. मात्र घेतांना आपली गरज काय, हें त्यांनीं आधीं ठरवलें. तेव्हां मुलीनें आजीची नऊवारी मागितली, तर आईनें ती आनंदानें काढून द्यावी. आणि त्याच मुलीनें कामावर जातांना ती घडी घालून ठेवली व सोयीचा पोषाख घातला, तरी तिच्यावर रागावूं नये. कारण फिलाडेल्फियाच्या थंडींत आनंदीबाईंनींही आपल्या आजीचें नेसणें बदललेंच होतें.