खिडकीतून आत आलेला वर्ड प्रोसेसर

आज जाडजूड कादंबरी लिहायची तर स्क्रिव्हनरसारखी सॉफ्टवेअर्स हाताशी आहेत. प्रकरणं हवी तशी वरखाली सरकवा. हे सगळं सुरू कुठून झालं? मी राहतो त्या लंडनमध्येच त्याचा एक धागा सापडतो.

१९६८ साली लेखक लेन डेटन दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यावर 'बॉम्बर' ही कादंबरी लिहीत होते. त्यांच्या सेक्रेटरी एलेनॉर हँडली एकेक प्रकरण डझनावारी वेळा टाइप करत. टाइपरायटर दुरुस्तीला येणाऱ्या आयबीएमच्या तंत्रज्ञाला हे कळलं आणि त्याने कंपनीचं नवं यंत्र सुचवलं. वजन सुमारे ९० किलो! घराची खिडकी काढून ते क्रेनने आत घ्यावं लागलं. त्याला पडदा नव्हता. मजकूर चुंबकीय फितीवर साठायचा. फक्त दुरुस्त्या टाइप करायच्या, मग स्वच्छ प्रत यंत्रच टाइप करून द्यायचं.

'बॉम्बर' १९७० साली आली. वर्ड प्रोसेसरवर तयार झालेली पहिली कादंबरी म्हणून तिचं आणि डेटन यांचं नाव घेतात. गंमत म्हणजे ते यंत्र बहुतेक वेळ चालवलं हँडलीबाईंनी!

असो. तुमच्या कपाटातल्या जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या मुद्रणप्रती कोणी उतरवून काढल्या असतील, कधी विचार केलाय?