परदेशातील चिनी जीवशास्त्रज्ञांची मंडळे

सन १९१४ च्या जून महिन्यात, युरोपात महायुद्धाचा वणवा पेटण्याच्या बेतात असताना, अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका या लहानशा गावी काही चिनी विद्यार्थी एकत्र जमले. ते सारे तेथील कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते आणि सारे तिशीच्या आतले होते. जगात एवढी उलथापालथ होऊ घातली असता आपण आपल्या देशासाठी काय करू शकतो, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता. वादविवादानंतर ठरले ते इतकेच की, चिनी भाषेत विज्ञानाचे एक मासिक काढावे. त्यासाठी दहा डॉलरचा एक असे चाळीस भाग काढून चारशे डॉलरचे भांडवल उभारावयाचे, असे ठरले. शिष्यवृत्तीच्या तुटपुंज्या रकमेतून, जेवणाखाण्याला चिमटा घेऊन, हे पैसे जमवावयाचे होते. जानेवारी १९१५ मध्ये शांघाय येथे ‘खशुए’, म्हणजे ‘विज्ञान’, या मासिकाचा पहिला अंक निघाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या मंडळीने ‘चिनी विज्ञान सभा’ रीतसर स्थापन केली.

या मासिकाची एक गोष्ट मोठी बोलकी आहे. चिनी मजकूर तोपर्यंत वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे छापला जात असे. ‘खशुए’ने तो आडवा, डावीकडून उजवीकडे छापला आणि त्यात पाश्चात्त्य विरामचिन्हे घातली, कारण गणिताची समीकरणे आणि रसायनाची सूत्रे उभ्या ओळीत बसेनात. विज्ञान स्वभाषेत आणावयाचे तर भाषेलाही आपली बैठक थोडी बदलावी लागते, हे या मुलांनी तेव्हाच ओळखले होते. स्वभाषेत विज्ञान शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांना त्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

हे विद्यार्थी अमेरिकेत आले कसे, याची कथाही चमत्कारिक आहे. १९०० मधील बॉक्सर बंडानंतर परकीय सत्तांनी चीनवर पंचेचाळीस कोटी टेल रुप्याचा दंड लादला. १९०१ च्या तहाने ठरलेली ही रक्कम एकोणचाळीस वर्षांत फेडावयाची होती. अमेरिकेच्या वाट्याला प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा पुष्कळ अधिक पैसा येत होता. १९०८ साली हा जादा भाग परत देण्याचे अमेरिकेने ठरविले, आणि त्यातून चिनी मुलांना अमेरिकेत शिकविण्याची योजना निघाली. १९०९ साली सत्तेचाळीस विद्यार्थ्यांची पहिली तुकडी निघाली. पुढच्या वर्षी सत्तर जणांची दुसरी. दंडाच्या पैशावर विद्या! देणाऱ्याचा हेतू निव्वळ परोपकाराचा नव्हता. चीनचे भावी पुढारी आपल्याकडे शिकलेले असावेत, हा हिशेब त्यात होताच. शिवाय याच अमेरिकेने १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना दार बंद केले होते. विद्यार्थ्यांना तेवढी सूट होती. म्हणजे डोक्याला परवानगी आणि हाताला मनाई, असा तो न्याय होता.

दुसऱ्या तुकडीतील एक विद्यार्थी पुढे चीनचा थोर विचारवंत म्हणून गाजला: हू शी. तो कॉर्नेलला शेतकी शिकावयास गेला होता. फळबागशास्त्राच्या वर्गात सफरचंदांच्या जाती ओळखावयाच्या असत; अमेरिकन शेतकऱ्यांची मुले पटापटा ओळखून मोकळी होत आणि हा बिचारा पुस्तकात डोके घालून बसे. चीनमध्ये जी फळे बहुधा पिकतच नाहीत ती ओळखून करावयाचे काय, असा विचार करून त्याने शेतकी सोडली आणि तत्त्वज्ञान धरले. ही हकीकत तो स्वतःच रंगवून सांगत असे.

विज्ञान सभेच्या संस्थापकांत बिंग झी नावाचा एक गृहस्थ होता. जन्म १८८६, कायफेंग शहरात. जुन्या राजवटीतील प्रांतिक परीक्षा उत्तीर्ण झालेला हा पंडित कॉर्नेलमध्ये कीटकशास्त्र शिकला आणि १९१८ साली त्याने तेथे डॉक्टरेट मिळविली. त्याच वर्षी सभेचे बिऱ्हाडही अमेरिकेतून चीनमध्ये हलले. १९२० मध्ये बिंग परतला, आणि १९२२ च्या ऑगस्टमध्ये नानकिंग येथे त्याने वनस्पतिशास्त्रज्ञ हू शियान्सू याच्या साहाय्याने सभेची जीवशास्त्रीय प्रयोगशाळा उघडली. आरंभी पैसा नव्हता. दिवसा महाविद्यालयात शिकवून उरलेल्या वेळात ही मंडळी येथे बिनपगारी काम करीत. चीनमधील प्राणी व वनस्पती गोळा करावयाच्या, त्यांची नोंद ठेवावयाची आणि निबंध छापून देशोदेशींच्या संस्थांना पाठवावयाचे. मोबदल्यात त्यांची प्रकाशने येत आणि ग्रंथालय भरत जाई. डिसेंबर १९३७ मध्ये नानकिंग जपान्यांच्या हाती पडले आणि त्या धुमाळीत ही प्रयोगशाळा जळून गेली. बिंग झी शांघायमध्ये राहून काम करीत राहिला. हू शियान्सूने १९४८ मध्ये आपल्या एका सहकाऱ्यासह एका सूचिपर्णी वृक्षाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या वृक्षाचे कुल तोपर्यंत केवळ जीवाश्मांवरून ठाऊक होते. ते मध्य चीनच्या एका खोऱ्यात जिवंत आढळले होते. ‘मेटासेक्वोया’ या नावाने हा वृक्ष आज जगभर उद्यानांतून लावलेला दिसतो.

या पिढीचे ब्रीद परत जाण्याचे होते. त्याचे सर्वांत सुबक उदाहरण म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ वू शियेन. फूचौ येथे १८९३ साली जन्मलेला हा तरुण हार्वर्डमध्ये ऑटो फोलिन यांच्या हाताखाली काम करीत होता. रुग्णाच्या रक्तातील साखर, युरिया वगैरे द्रव्ये मोजावयाची तर त्या काळी पुष्कळ रक्त काढावे लागे आणि वेळही फार जाई. फोलिन आणि वू यांनी १९१९ मध्ये अशी पद्धती सिद्ध केली की, टंग्स्टिक आम्लाने रक्तातील प्रथिने साका करून काढून टाकावयाची आणि उरलेल्या स्वच्छ द्रवात एकेक घटक रंगाच्या गडदपणावरून मोजावयाचा. साखरेसाठी त्यांनी मध्ये चिंचोळी मान असलेली एक खास काचनळी योजली. दोनच वर्षांनी इन्शुलीनचा शोध लागला, तेव्हा मधुमेह्याच्या रक्तातील साखर वरचेवर तपासण्याची सुटसुटीत रीत डॉक्टरांच्या हाती आधीच आलेली होती. ‘फोलिन-वू’ हे जोडनाव कित्येक दशके जगभरच्या रुग्णालयांत रोज उच्चारले जात होते. त्यातील दुसरा कोण, कुठला, हे किती जणांना ठाऊक होते कोण जाणे!

पुढे १९२३ मध्ये बोस्टनला आलेले आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव याच फोलिन यांच्या विभागात काम करून फॉस्फरस मोजण्याच्या ‘फिस्के-सुब्बाराव’ पद्धतीचे एक जनक झाले. आणि वू हार्वर्डमध्ये होते त्याच सुमारास, १९१८ नंतर, त्याच विद्यापीठात आपले धर्मानंद कोसंबी पाली ग्रंथाचे संपादन करीत होते. गोव्याच्या वाचकांना हे सांगावयास हवेच असे नाही.

वू १९२० मध्ये पेकिंगला परतले. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनाचा विभाग नावारूपास आणला. त्यांच्या पत्नी डेझी येन यादेखील त्याच शास्त्राच्या. प्रयोगशाळेत दोघे बरोबरीने काम करीत. १९३१ मध्ये वू यांनी एक सिद्धांत मांडला: अंडे उकडले की पांढरे घट्ट होते, त्या वेळी प्रथिनाचा रेणू तुटत नाही, तर त्याची नीट घातलेली घडी विसकटते. हा निबंध त्यांनी पेकिंगहून निघणाऱ्या चिनी शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापला. तेथे तो पुष्कळांच्या नजरेआड राहिला, आणि पाच वर्षांनी अमेरिकेत मिर्स्की आणि पाउलिंग यांनी त्याच दिशेचा विचार मांडला तेव्हा त्याचा गाजावाजा झाला. विद्वान मायदेशी परतला की त्याचा आवाजही थोडा दूर जातो. परत जाणाऱ्यांनी ही किंमत मोजली, तिचा हिशेब कोणी ठेवला नाही.

१९४९ च्या क्रांतीने सारे चित्र पालटले. वू शियेन त्या वेळी अमेरिकेत होते; ते तेथेच राहिले आणि १९५९ मध्ये बोस्टन येथे वारले. अमेरिकेत शिकणारे सुमारे पाच हजार चिनी विद्यार्थी अधांतरी लोंबकळत राहिले. कोरियाचे युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकेने शास्त्रीय शिक्षण घेतलेल्या चिनी लोकांना देश सोडण्यास बंदी केली; ती १९५५ मध्ये उठली. ज्यांना पूर्वी आत येऊ देत नसत, त्यांना आता बाहेर जाऊ देईनात! चिन्यांना वगळण्याचा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला होता खरा, पण वर्षाला अवघ्या एकशे पाच चिन्यांना प्रवेश, असा त्याचा अर्थ होता. हिंदी लोकांना १९४६ मध्ये मिळालेला आकडा शंभर. हे बंधन १९६५ च्या नव्या कायद्याने सुटले.

त्या काळात राहिलेल्यांनी काय केले, याचे एकदोन दाखले पुरेत. शान्सी प्रांतात जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये शिकलेले चांग मिन-च्युए हे १९४५ पासून मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे ससे घेऊन बसले होते. शुक्रजंतूला मादीच्या शरीरात काही काळ घालविल्याशिवाय अंड्यात शिरण्याची पात्रता येत नाही, हे त्यांनी १९५१ मध्ये दाखविले. १९५९ मध्ये शरीराबाहेर फलित केलेल्या अंड्यांपासून सशाची पिले जन्मास आणली. संततिनियमनाच्या गोळीसाठी लागणाऱ्या द्रव्यांचे प्राण्यांवरील प्रयोगही त्यांचेच. कॅलिफोर्नियात ली चो-हाव यांनी १९५६ मध्ये मानवी वृद्धिसंप्रेरक वेगळे केले. हे सारे एकेकटे होते. प्रत्येकाची प्रयोगशाळा निराळी, गाव निराळे. त्यांना एकत्र बांधणारी सभा नव्हती.

चीनमध्ये परतलेल्यांनीही हात जोडून बसणे पत्करले नाही. केंब्रिज आणि टेक्सास येथे शिकून आलेल्या काही जणांच्या मार्गदर्शनाखाली शांघाय आणि पेकिंग येथील गटांनी १९६५ मध्ये गाईचे इन्शुलीन कृत्रिम रीतीने तयार करून त्याचे स्फटिक मिळविले. पुढल्याच वर्षी सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि विद्यापीठांची दारे बंद झाली. इथाकात जन्मलेल्या जुन्या विज्ञान सभेचे काम त्यापूर्वीच, १९६० मध्ये, संपुष्टात आले होते.

आता वू शियेन यांच्या मुलाकडे वळू. रे वू यांचा जन्म १९२८ चा, पेकिंगचा. १९५५ मध्ये पेनसिल्व्हानियात डॉक्टरेट घेऊन ते १९६६ मध्ये कॉर्नेलला, म्हणजे त्याच इथाका गावी, प्राध्यापक झाले. लॅम्ब्डा नावाच्या विषाणूच्या डीएनएची दोन टोके एकमेकांना चिकटतात. त्या टोकांवरील बारा घटकांचा क्रम त्यांनी एका सहकाऱ्यासह १९७१ मध्ये वाचून दाखविला. आज बारा अक्षरे म्हणजे काहीच नव्हे. तेव्हा ती पहिली बाराखडी होती.

चीन आणि अमेरिका यांचे राजनैतिक संबंध १९७९ मध्ये जुळल्यावर, ली त्सुंग-दाव यांनी पदार्थविज्ञानासाठी जी योजना आखली होती, तिच्या धर्तीवर रे वू यांनी जीवरसायनासाठी परीक्षायोजना काढली. चिनी विद्यार्थ्यापाशी अर्जाचे शुल्क भरावयास डॉलर नसत, आणि अमेरिकन विद्यापीठांना त्याच्या गुणपत्रिकेचा अर्थ लागत नसे. मग परीक्षा चीनमध्येच घ्यावयाची, अमेरिकन प्राध्यापकांनी जाऊन मुलाखती घ्यावयाच्या आणि निवडलेल्यांना विद्यापीठांत वाटून द्यावयाचे. १९८२ ते १९८९ या आठ वर्षांत चारशे बावीस विद्यार्थी असे गेले. पेशींच्या नियोजित मृत्यूची यंत्रणा उलगडणारे वांग शियाओदोंग हे त्यांपैकीच. ते पुढे बीजिंगला परत जाऊन एका संशोधनसंस्थेचे प्रमुख झाले. पुष्कळ मात्र परतले नाहीत. १९८९ च्या तिआनानमेन प्रकरणानंतर अमेरिकेने १९९२ मध्ये कायदा करून तेथे असलेल्या चिनी विद्यार्थ्यांना कायम राहण्याची वाट मोकळी केली.

या घडामोडींच्या मध्येच, १९८४ साली, ‘अमेरिकेतील चिनी जीवशास्त्रज्ञांची सभा’ स्थापन झाली. १९१४ च्या सभेशी तुलना केली तर फरक ताबडतोब डोळ्यांत भरतो. जुन्या सभेचे सभासद परतीची तिकिटे मनात बाळगून होते; या सभेचे सभासद तेथेच घर करून राहिलेले होते. कोणी तैवानचा, कोणी हाँगकाँगचा, कोणी मुख्य भूमीवरचा, कोणी अमेरिकेतच जन्मलेला. राजकारणात ज्यांची सरकारे एकमेकांचे अस्तित्व मानावयास तयार नव्हती, ते येथे एका टेबलाशी बसून प्रथिनांविषयी बोलू लागले. सभेच्या परिषदा कधी तैपेईत भरल्या, कधी मुख्य भूमीवर. सभेच्या नावातील ‘अमेरिकेतील’ आणि ‘चिनी’ हे दोन शब्द एकत्र नांदविणे हेच तिचे मुख्य काम होते, असे मला वाटते. आणि ते दिसते तितके सोपे नव्हते.

त्याची कसोटी पुढे लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने दहा हजारांहून अधिक संस्थांना परकीय हस्तक्षेपाविषयी सावध करणारे पत्र पाठविले, आणि नोव्हेंबरात तेथील न्यायखात्याने ‘चायना इनिशिएटिव्ह’ नावाची मोहीम उघडली. परदेशी संस्थांशी असलेले संबंध अनुदानाच्या अर्जात उघड न करणे, हा काहींचा दोष खरा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु काल ज्या सहकार्यासाठी पाठ थोपटली जात होती तेच आज संशयास कारण झाले, आणि चिनी नावाच्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. मार्च २०१९ मध्ये सभेने आणखी दोन चिनी-अमेरिकन संघटनांसह ‘सायन्स’ या साप्ताहिकात पत्र छापून वंशावरून संशय घेण्याच्या या रीतीला विरोध नोंदविला. ‘खशुए’ काढताना इथाकाच्या मुलांनी नमुना म्हणून पुढे ठेविले होते ते हेच साप्ताहिक. मोहीम फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यायखात्याने बंद केली. तोपर्यंत काही खटले न्यायालयात टिकले नव्हते, आणि काही संशोधकांच्या प्रयोगशाळांना टाळे लागून गेले होते.